शेजाऱ्याचा दम

९ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र येऊन महिना उलटला आणि मी आत्ता उत्तर लिहायला बसलोय. रागावू नकोस. पेन सापडलं तेव्हा चष्मा सापडत नव्हता, आणि दोन्ही सापडले तेव्हा छातीत डाव्या बाजूला चमका यायला लागल्या. डाव्या बाजूला म्हटल्यावर माणूस पत्र लिहील की अंथरूण धरील, तूच सांग. मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं तपासलं आणि म्हणाला, "आजोबा, गॅस आहे." मी म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, "नीटच बघितलं. नीट बघितल्यावरही गॅसच आहे." तेव्हापासून सूनबाई मला चहा देताना तोंड फिरवून हसते.

फोन का करत नाही म्हणून विचारलं होतंस. माझा उजवा कान कारखान्यातच राहिला हे तुला माहीत आहे. डाव्या कानाला फोनवरचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. मागे तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज अगदी बारीक आला, मध्येमध्ये तुटत होता. अख्ख्या ओतकाम खात्यात ज्याचा आवाज भट्टीच्या वर चढायचा, म्हणून ज्याला भोंगा नाव पडलं, त्याचा आवाज बारीक कसा येईल? म्हणजे माझा हाही कान चालला. त्यापेक्षा पत्र बरं. अक्षर काही बारीक होत नाही.

आता मुद्द्याचं. आपला कारखान्याचा दवाखाना नव्या कंपनीला दिला असं तू कळवलंस, त्या दिवसापासून जिवाला घोर लागलाय. इथल्या पेन्शनच्या बँकेतसुद्धा त्यांची निळी कार्डं आलीत. काउंटरवरची मुलगी गोड बोलते, "काका, फक्त सही करा, कार्ड घेऊन जा." मी बोट ठेवून सगळं वाचलं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण घाबरलेला माणूस वकिलापेक्षा बारकाईनं वाचतो. खाली लिहिलंय की सही करणाऱ्यानं दवाखान्यावरचा जुना हक्क सोडला. आयुष्यभर आपल्या पगारातून कापून घेतलं, मरेपर्यंत औषधपाणी फुकट म्हणाले, आणि आता एका सहीत सगळं पाण्यात. पुढे कुठला आजार कार्डात बसतो आणि कुठला नाही, ते तेच ठरवणार.

मला इथल्या डॉक्टरनं लघवीच्या त्रासासाठी ऑपरेशन सांगितलंय. मी ते पुढे ढकललंय. करायचं तर आपल्याच दवाखान्यात, आपल्या चष्मेवाल्या डॉक्टरांच्या हातून. त्यामुळे तू निवृत्त संघाचा सेक्रेटरी आहेस तोवर दवाखाना जाऊ देऊ नकोस. माझी सगळी भिस्त तुझ्यावर.

वहिनींना नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे हे तू कधी लिहीत नाहीस. चांगलीच असणार.

तुझा,
धास्त्या

२० फेब्रुवारी

प्रिय धास्त्या,

गॅस निघाला म्हणून इतका खट्टू होऊ नकोस. पुढच्या वेळी काहीतरी मोठं निघेल, धीर धर. तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजी शंभरी गाठणार. मरण आलं तर ते आधी त्याचीच तपासणी करायला लावतील."

आपल्या निवृत्त संघाची सभा झाली. हॉल भरला होता. क्रेनवाला, वेल्डर, कॅन्टीनवाले मामा, झाडून सगळे. ठरलं असं की जोपर्यंत दवाखान्याचा जुना हक्क कायम असल्याचं लेखी मिळत नाही, तोपर्यंत एकानंही निळ्या कार्डावर सही करायची नाही. एकानं जरी केली तरी ते म्हणणार, बघा, लोकांना मान्य आहे. ठराव मीच वाचला. बसून वाचला. खुर्ची फार चांगली होती.

दवाखान्याचं म्हणशील तर इमारत तीच, पण आता दारात काच बसवलीय आणि ती आपोआप उघडते. फक्त कार्ड दाखवल्यावर. चष्मेवाले डॉक्टर नोकरी सोडून गेले. म्हणाले, मला नाडी बघू देत नाहीत, आधी कॉम्प्युटर बघायला लावतात.

एक गोष्ट विचारायची होती. आजारपणातला तुझ्याएवढा जाणकार आपल्यात दुसरा नाही. माझा एक शेजारी आहे. तू ओळखतोस त्याला, पण नाव सांगू नको म्हणालाय. ओतकामातलाच, आपल्यासारखाच वाळूत आयुष्य काढलेला. त्याला हल्ली दम लागतो. आधी जिन्यावर लागायचा, आता शर्टाची बटणं लावताना मध्ये थांबावं लागतं. आडवं झालं की गुदमरतं, म्हणून खुर्चीत बसून झोपतो. कोरडा खोकला. बायकोला काही सांगितलेलं नाही, पण ती काही आंधळी नाही.

फुप्फुसांची तपासणी करायची तर ते मशीन आपल्या दवाखान्यातच आहे, आणि आत जायचं तर कार्ड. त्याचं मन दोन्हीकडे ओढतंय. त्यानं सही करावी का? तुझा सल्ला त्याला सांगीन. तो तुझं ऐकेल.

तुझा,
भोंगा

२७ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पत्र मिळताच लिहायला बसलो. तुझा शेजारी म्हणजे तो कोपऱ्यावरच्या घरातला क्रेनवाला ना? मला तेव्हाच वाटलं होतं. नाही म्हणालास तरी मी ओळखलं.

त्याला सांग, हे वाळूचं दुखणं दिसतंय. पेपरात दर मंगळवारी आरोग्याचं पान येतं, ते मी कापून ठेवतो. साच्याची वाळू चाळताना जी बारीक धूळ उडायची, ती श्वासातून आत जाते आणि तिथेच घर करते. वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग एक दिवस कळतं. त्याच्या नखांचा रंग बघायला सांग. निळसर असेल तर चांगलं नाही. गरम पाण्याची वाफ घेऊ दे. उशा दोन घेऊ दे. धुरापासून लांब राहू दे.

पण सही? भोंग्या, हे विचारलंसच कसं? तू सेक्रेटरी आहेस. त्याला समोर बसवून खडसावून सांग. साच्याची एक कड ढासळली की लोखंडाचा रस कुठून बाहेर येईल ते कुणाच्या हातात राहत नाही, हे त्याला मी सांगायला नको. त्यानं सही केली की उद्या वेल्डर करील, परवा मामा करतील, आणि माझ्यासारखे लांबचे लोक आपसूक बुडतील. मी इथे ऑपरेशन दाबून धरलंय ते कशासाठी? त्याला म्हणावं, दुखणं तुला एकट्याला नाही. आम्हीही थांबलोय. दोन-तीन महिन्यांत निकाल लागेल. तेवढी कळ काढ.

थोडं कडक लिहिलंय, पण त्याच्या भल्याचंच आहे. त्याला हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझा,
धास्त्या

३० मार्च

प्रिय धास्त्या,

उत्तराला उशीर झाला. हात जरा कापतो म्हणून अक्षर वाकडं आहे, वाचून घे.

शेजाऱ्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. पटलं त्याला. सही करणार नाही म्हणाला. नखंही बघितली त्यानं. रंगाचं काही बोलला नाही.

त्यानं एवढंच विचारलंय, धास्त्याचं ऑपरेशन फार घाईचं आहे का? नसेल तर बरं, म्हणाला.

संघाचं काम चालू आहे. साहेब लोक बोलावतात, चहा पाजतात, पुढची तारीख देतात. चहा चांगला असतो.

तुझा,
भोंगा

६ एप्रिल

प्रिय भोंग्या,

इतकं लहान पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील. माझ्यावर चिडलायस का? मी दोन दिवस विचार करतोय. मागच्या पत्रात "हे विचारलंसच कसं" असं लिहिलं ते लागलं का? तसं असेल तर ती ओळ खोडून वाच. तू रागावलास तर मला झोप लागत नाही, आणि झोप लागली नाही की रक्तदाब वाढतो, आणि मग तो तुझ्यामुळे वाढला असं होईल.

शेजाऱ्यानं माझ्या ऑपरेशनची चौकशी केली हे वाचून बरं वाटलं. क्रेनवाल्याला माझ्याबद्दल एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं. खात्यात असताना तो वरून माझ्या अंगावर मुद्दाम धूळ पाडायचा. त्याला सांग, घाई आहे, पण मी थांबू शकतो. त्यालाही सांग, फार मनावर घेऊ नकोस. आपल्या वयात सगळ्यांनाच दम लागतो. मलाही बाजारातून आल्यावर लागतो. माणूस दुखण्याकडे जितकं बघतो तितकं ते वाढतं.

हे मी लिहितोय बघ. सूनबाईनं वाचलं तर हसून हसून मरेल.

थंडी आली की तिकडे येईन म्हणतो. तुझ्या दारातल्या त्या बाकावर बसून दोन दिवस नुसत्या गप्पा मारू. तू बोल, मी ऐकतो. समोर बसलं की तुझा आवाज माझ्या कानाला अजून पोचतो.

उत्तर मोठं लिही.

तुझा,
धास्त्या

२१ एप्रिल

ती. भाऊजींना नमस्कार.

मला नीट लिहिता येत नाही. चुकलं तर समजून घ्या. हे पत्र त्यांना न सांगता लिहिते.

तुमचं पत्र आलं तेव्हा ते मला म्हणाले, तूच वाच. त्यांना कागद धरून बसवत नाही आता. मी वाचत होते. शेजाऱ्याचं आलं तिथे थांबले. मी विचारलं, हा शेजारी कोण? तर हसले. हसले की खोकला येतो, मग बोलता येत नाही.

भाऊजी, आमच्या शेजारी कुणीच राहत नाही. एका बाजूचं घर बंद आहे आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी आहे. क्रेनवाले तर कधीच लेकीकडे राहायला गेले, सभेपुरते येतात.

दम यांना लागतो. पार रया गेलीय माणसाची. खुर्चीत बसून रात्र काढतात. मी पाठ चोळत बसते. परवा मोरीपर्यंत जाताना भिंतीला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, जरा थांब, ही भिंत पडायला आलीय, मी धरून ठेवतो. अशी थट्टा करतात. मला रडू येतं.

चष्मेवाले डॉक्टर घरी येऊन बघून गेले. छातीला नळी लावून फार वेळ ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वहिनी, मशीन आत आहे आणि मी बाहेर आहे. आजच आत न्या." मी म्हटलं, कार्ड घेऊ. तर हे ऐकत नाहीत. म्हणतात, ठराव मीच वाचला, आता पहिला मीच कसा फोडू. आणि म्हणतात, माझ्या सहीमुळे दवाखाना गेला तर धास्त्याचं ऑपरेशन कोण करणार, तो तर भीतीनंच जाईल.

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. पण ते तुमचंच ऐकतील म्हणून लिहिते.

तुमची वहिनी

२५ एप्रिल

वहिनी, हे पत्र त्याला वाचून दाखवा. मध्ये थांबू नका, तो थट्टा करायला लागला तरी.

भोंग्या,

वहिनींचं पत्र वाचलं आणि मी तसाच पलंगावर बसलो. मुलगा म्हणाला, "बाबा, पुन्हा चमक आली का?" मी नाही म्हटलं, तेव्हा तो घाबरला.

शेजारी. अरे, खात्यात आपण दुसरं काय म्हणायचो? स्वतःचं दुखणं मुकादमाला सांगितलं की तो गेटबाहेर काढायचा, रोज बुडायचा. म्हणून सगळे म्हणायचे, "साहेब, शेजाऱ्याला जरा कसंतरी होतंय, त्याला पाणी पिऊ द्या." मुकादमालाही कळायचं शेजारी कोण ते. नवीन लागलेल्या पोरालासुद्धा पहिल्या आठवड्यात कळायचं. आणि मला कळलं नाही. मी सबंध आयुष्यात ते कधी बोललोच नाही ना. मी आपला सरळ जाऊन सांगायचो, माझं डोकं दुखतंय, माझ्या पोटात कळ आली. तुम्ही सगळे हसायचात. माझं दुखणं नेहमी माझ्याच नावानं असायचं. त्यामुळे तुझा शेजारी मला खराच वाटला. मी क्रेनवाल्याला उपदेश करत बसलो. उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि शेळी कोण ते बघितलंसुद्धा नाही.

तुझा आवाज बारीक झाला तेव्हा मी माझ्या कानाला दोष दिला. तू सभेत बसून बोललास तेव्हा खुर्चीचं कौतुक वाचलं. चिडण्यासारखंच आहे, पण तू चिडला नाहीस, त्यानं जास्त लागतं.

आता ऐक. पहिला मी कसा फोडू म्हणालास ना? तुला फोडायचा नाही. तो फुटलाय. काल सकाळी मी एकटा बँकेत गेलो. काउंटरवरची ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही तर नको म्हणत होता. सगळं वाचलंत ना?" मी म्हटलं, "पाठ आहे." सही केली. बाहेर येऊन संघाला पोस्टकार्ड टाकलं, की मी, ओतकाम खात्यातला साच्यांवरचा निवृत्त मोल्डर, स्वतःच्या भीतीपोटी निळ्या कार्डावर सही केलेली आहे, ज्याला शिव्या द्यायच्या त्यानं मला द्याव्यात. मी भित्रा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी शंका घेणार नाही. पहिला भित्रा मी. तू आता दुसरा होशील, किंवा विसावा. दुसऱ्याला कुणी विचारत नाही.

आजच सही कर. हे पत्र संपेपर्यंतही थांबू नकोस. वहिनी, रिक्षा बोलवा.

ऑपरेशनचं म्हणशील तर ते कुठलाही डॉक्टर करील. त्या जागेला चष्मेवाला काय आणि बिनचष्म्याचा काय.

तुझा,
धास्त्या

४ मे

प्रिय धास्त्या,

हे मी बोलतोय आणि ही लिहितेय. मध्येमध्ये ती स्वतःचं घालते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू सही केलीस. तू. ज्यानं कधी पगाराच्या पावतीवर दोनदा विचारल्याशिवाय सही केली नाही. तुझं पोस्टकार्ड संघात पोचलं तेव्हा केवढा गदारोळ झाला म्हणून सांगू. वेल्डर म्हणाला, मला ठाऊकच होतं, तो कच्चा साचा होता. तुझ्या निषेधाचा ठराव करायचं ठरलं. आता ठराव कोण लिहिणार? सेक्रेटरी. म्हणून चार माणसं माझ्याकडे दवाखान्यात आली. हो, मी दवाखान्यातच आहे. नाकात नळी असताना मी तुझा निषेध सांगितला आणि मामांनी लिहून घेतला. "भ्याडपणा" मध्ये भ ला य जोडायचा हे त्यांना माहीत नव्हतं, ते मी सांगितलं. निषेध करायचा तर शुद्ध करावा. माझ्या नळीकडे बघून कार्डाचं मात्र कुणी काही बोललं नाही. जाताना मामा उशी सारखी करून गेले.

मशीनमध्ये घातलं मला. इथली डॉक्टरीण तरुण आहे, चांगली आहे. तिनं चित्र दाखवलं. काळ्या फुप्फुसांत पांढरे ठिपके, जणू कुणी वाळू चाळून ठेवलीय. मी म्हटलं, ताई, हा साचा चांगला बसलाय. तिला कळलं नाही.

मग कार्डवाला साहेब आला. कागदावर लिहून घेत होता. म्हणाला, "विडी किती वर्षं ओढली?" मी म्हटलं, कधीच नाही. म्हणाला, "आठवून सांगा. कामामुळे झालेला आजार कार्डात बसत नाही, तो कारखान्याचा प्रश्न आहे. आणि विडीमुळे झालेला असेल तर थोडा भाग बसतो." म्हणजे बघ, मी खोटं बोललो तर मला ही नळीतली हवा मिळेल. ही म्हणाली, सांगा ना ओढली म्हणून. मी म्हटलं, विडी कारखान्यानं ओढली, धूर माझ्याकडे आला. त्यानं काय लिहिलं देव जाणे. सध्या हवा चालू आहे. पुढचं विचारून कळवतो म्हणालाय. कारखान्याला विचारायला गेलो तर तो म्हणणार, दवाखाना तर आता त्यांचा आहे.

धास्त्या, एक सांगतो. तुला शेजाऱ्याचं कळलं नाही, ते बरंच झालं असं मला वाटतं. तुला कळलं असतं तर तू घाबरला असतास, आणि तू घाबरलास की मला हसू येतं, आणि हसलं की

(भाऊजी, इथे त्यांना दम लागला. थांबले. बाकीचं उद्या म्हणाले, पण मी पाकीट आजच बंद करते. डॉक्टरीण बाई मला बाजूला घेऊन बोलल्या. आधी आणायला हवं होतं म्हणाल्या. हे त्यांना माहीत नाही, किंवा माहीत आहे आणि मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. — वहिनी)

२६ मे

प्रिय भोंग्या, आणि वहिनी,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी मुलाला तिकीट काढायला सांगितलं होतं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही एकटे कसे जाणार. मी म्हटलं, घाबरत जाईन, पण जाईन. पिशवी भरली. आणि त्याच संध्याकाळी माझी लघवी तटली. रिक्षात घालून इथल्याच, कार्ड चालणाऱ्या दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. म्हणून इतके दिवस लिहिता आलं नाही. पडल्या पडल्या लिहायला बघितलं, पण नर्सनं कागद काढून घेतला.

कसं सांगू ते कळत नाही. ऑपरेशन निळ्या कार्डावर झालं. दारातल्या पोरानं कार्ड बघितलं, हसून आत सोडलं. खोलीत पंखा होता, खिडकी होती, डॉक्टर रोज दोनदा येऊन "काका, कसं वाटतंय" विचारत होता. एक पैसा लागला नाही. माझा आजार कार्डात बसतो. म्हाताऱ्या माणसाचा साधा आजार, कुणाचा दोष नाही, कुणाला जबाब द्यायचा नाही, त्यामुळे तो चटकन बसतो. आणि तुझा, जो त्या कारखान्यानं श्वासाश्वासानं तुझ्यात भरला, त्याला कार्डात जागा नाही. मी त्या स्वच्छ खाटेवर पडून होतो आणि मला उठून पळून जावंसं वाटत होतं. मुलाला वाटलं, दुखतंय. म्हटलं, हो, दुखतंय.

भोंग्या, त्या कार्डवाल्या साहेबाला सांगून टाक, विडी ओढली. सांग, चाळीस वर्षं ओढली. सांग, धास्त्याच्याही वाटची ओढली. साक्षीदार मी. मी लेखी द्यायला तयार आहे, कुठे सही करायची ते कळवा. एवढं आयुष्य खरं बोलून आपल्याला काय मिळालं ते दिसतंच आहे. वेल्डरला आणि मामांनाही सांग, की सही केली म्हणून लढाई संपली असं नाही. वाळूचं दुखणं कुणाचं, हे आता तुझ्या चित्रात दिसतंय. ते चित्र जपून ठेवायला सांगा. संघानं ते घेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवावं. चहा न पिता ठेवावं.

इथला डॉक्टर म्हणतो, इतक्यात प्रवास नाही, टाके आहेत. मी त्याला विचारलं, टाके तुटले तर काय होईल? पूर्वी असा प्रश्न मी स्वतःसाठी विचारला असता. या वेळी गाडीचा हिशेब करत होतो. मुलगा म्हणाला, "पुढच्या महिन्यात मीच घेऊन जातो." पुढचा महिना म्हणजे किती दिवस, ते मी बोटांवर मोजत बसतो.

मुलगा रोज तुमच्याकडे फोन लावतो. वाजतो आणि बंद होतो. वहिनी, तुम्ही दवाखान्यात असाल, फोन घरी राहिला असेल. चार्ज करायला विसरला असाल. असं मी मुलाला सांगतो, तर तो माझ्याकडे बघत राहतो. कारण आजपर्यंत तो असं मला सांगायचा आणि मी वाईटसाईट बोलायचो. गाडीला उशीर झाला की अपघात, पत्राला उशीर झाला की मरण, असंच मी धरून चालत आलो. या वेळी माझ्या मनाला तिकडे जाता येत नाही. उंबऱ्यापर्यंत जातं आणि मागे फिरतं.

वहिनी, तुम्ही कशाही असा, दोन ओळी टाका. अक्षराकडे बघू नका. त्याची हवा चालू आहे का एवढंच लिहा. बंद केली असेल तर तेही लिहा. सकाळी पोस्टमन वळणावर आला की मी जिन्यावर येऊन उभा राहतो, सूनबाई खाली उतरू देत नाही. जे असेल ते लवकर कळवा. लवकर.

तुमचा,
धास्त्या